मोबाइलवरचा वाफसा

पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत जुन्नर तालुक्याच्या पावसाची एक छोटी चौकट येते. नारायणगाव, ओतूर, बेल्हे, आपटाळे, निमगाव सावा यांच्या रांगेत डिंगोरे हे नाव असते आणि पुढे मिलिमीटरचा आकडा. कल्याण-नगर रस्त्यावर ओतूर आणि माळशेज घाट यांच्या मधले हे गाव महसुली मंडळाचे ठिकाण आहे, म्हणून ते चौकटीत आले. हा आकडा पूर्वी पर्जन्यमापकात पाणी मोजून वहीत लिहिला जाई. २०१७ पासून राज्य सरकारने स्कायमेट कंपनीबरोबर 'महावेध' प्रकल्प राबवून दर महसुली मंडळात एक, अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा या सगळ्याची नोंद आता माणसाशिवाय होते.

शेतीतल्या संगणकीकरणाचा आढावा घ्यायचा तर या चौकटीपासून सुरुवात करणे बरे, कारण बाकीचे बरेचसे तिच्यावर उभे आहे. केळी, डाळिंब, द्राक्ष यांचा हवामानावर आधारित फळपीक विमा मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर ठरतो. रोगाचा अंदाज सांगणारी अॅप अशाच नोंदी वापरतात. आणि जुन्नर हा असा तालुका आहे, की पश्चिमेला घाटमाथ्यावर भाताची खाचरे तुडुंब भरलेली असताना पूर्वेला अणे पठारावर माणसे टँकरची वाट पाहत असतात. मधल्या पट्ट्यात पंधरा-वीस किलोमीटरला पाऊस निम्म्यावर येतो. एका मंडळात एक केंद्र ही व्यवस्था इथे तोकडी पडते. गारा एका शिवारात पडतात, केंद्र दुसऱ्या शिवारात असते. मग विमा मागणारा शेतकरी आणि संगणक यांच्यात जे भांडण होते, त्यात दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात.

शाश्वत शेती हा शब्द सरकारी कागदात फार सैल वापरला जातो. इथे त्याचा अर्थ साधा घ्यायचा आहे: त्याच पिकाला कमी पाणी, कमी औषध, कमी खत लागावे, पिकलेले कमी सडावे आणि जमीन पुढच्या पिढीला खारवून चोपण न होता मिळावी. सॉफ्टवेअर आणि स्वयंचलित यंत्रे यातले नेमके काय साधतात, कुठे फक्त माणसाची पायपीट वाचवतात आणि कुठे उलट उपसा वाढवतात, हे एकेक करून पाहावे लागते.

सर्वात जुने आणि सर्वात रुजलेले यंत्र म्हणजे मोटरचे. शेतीला थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली, की बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे, लाइट आली का ते पाहायचे, स्टार्टर दाबायचा, दारे धरायचे. जुन्नर-आंबेगावात या जाण्याला आणखी एक बाजू आहे. उसात बिबट्या असतो. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे ते काही हौसेने उभारलेले नाही, आणि दिवसा वीज द्या ही इथली मागणी आधी जिवाची आहे, सोयीची नंतर.

या पायपिटीवर पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी तोडगा काढला. त्यांचे आजोबा म्हातारपणी मोटर चालू करायला रात्री-अपरात्री शेतात जात, ते पाहून त्यांना कल्पना सुचली. 'नॅनो गणेश' हे त्यांचे यंत्र मोबाइलच्या एका कॉलवर मोटर चालू-बंद करते, वीज आहे की नाही ते सांगते. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. त्यानंतर मोबाइल स्टार्टर बनवणाऱ्यांची रांग लागली आणि आज तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात तो मिळतो. मोटर वेळेवर बंद होते म्हणून पाणी वाचते, हा त्याचा खरा फायदा. पूर्वी कोण उठून जाणार, म्हणून मोटर सकाळपर्यंत चालू राहायची आणि वाफे फुटून पाणी ओढ्याला जायचे.

पण मोबाइल स्टार्टरच्या आधी आणि त्याच्याहून कितीतरी जास्त पसरलेला एक भाऊबंद आहे: ऑटोस्विच. किंमत कमी, डोके त्याहून कमी. लाइट आली की मोटर चालू, एवढेच त्याला कळते. आता एका डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, समजा वीस मोटरी आहेत आणि सगळ्यांना ऑटोस्विच आहे. वीज आल्या क्षणी वीसही मोटरी एकदम उठतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. फ्यूज उडतो, नाही तर रोहित्र जळते, आणि मग भर उन्हाळ्यात आठ-दहा दिवस कुणाच्याच पिकाला पाणी नाही. महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले आहे, की ऑटोस्विच काढा आणि मोटरला कपॅसिटर बसवा. शेतकरी काढत नाहीत, कारण शेजाऱ्याने काढलेला नसतो. ज्याची मोटर आधी चालू, त्याला पाणी आधी. स्वयंचलनाच्या चर्चेत हे यंत्र कुणी धरत नाही, पण महाराष्ट्रातल्या शेतीतले सर्वाधिक वापरले जाणारे स्वयंचलन बहुधा हेच असावे.

पुढची पायरी जमिनीतल्या ओलीची. मराठी शेतकऱ्याकडे यासाठी एक शब्द पूर्वीपासून आहे: वाफसा. जमीन ना चिखल ना कोरडी, मुळांना पाणीही मिळते आणि हवाही. तो ओळखायची रीतही जुनी. टाचेने माती उकरायची, वीतभर खालची मूठभर घ्यायची, दाबायची. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला तर वाफसा. हाताला चिकटला तर पाणी जास्त. गोळाच झाला नाही तर पाळी आली. ओलीचा सेन्सर याहून वेगळे काही सांगत नाही. तो फक्त तीन-चार वेगवेगळ्या खोलीवर एकाच वेळी सांगतो, रोज सांगतो आणि मालक पुण्याला नोकरीवर असला तरी सांगतो. खोलीचा भाग महत्त्वाचा आहे. वरची माती सुकली की माणूस पाणी सोडतो. दीड फुटावर अजून पुरेशी ओल आहे हे मुठीला कळत नाही. उसात ही चूक नेहमीची, आणि कालव्याच्या लाभक्षेत्रात जमिनी चोपण होण्याचे एक मोठे कारणही हीच.

बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसावर सुरू केलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग याच धाग्यावरचा आहे. जानेवारी २०२४ मधल्या 'कृषिक' प्रदर्शनात प्रात्यक्षिक प्लॉट लोकांनी पाहिले. पुढे सुमारे एक हजार शेतकरी निवडले गेले. उपग्रहाची छायाचित्रे, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांची गोळाबेरीज करून शेतकऱ्याला मराठीत निरोप येतो: आज पाणी नको, अमुक कोपऱ्यात पीक पिवळे पडते आहे, जाऊन बघा. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याचा उल्लेख केला आणि बारामतीचा ऊस जगभर पोहोचला. चाचणी प्लॉटवर उसाचे वजन ३० ते ४० टक्क्यांनी जास्त भरले, असे सांगण्यात आले. हा आकडा ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. चाचणी प्लॉटवर रोपे चांगली, ठिबक नवे, खते वेळेवर आणि शास्त्रज्ञ दारात असतात. त्यातले किती श्रेय संगणकाचे आणि किती नीटनेटक्या शेतीचे, हे हजार शेतकऱ्यांच्या तीन-चार हंगामांशिवाय कळणार नाही. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने ही योजना कारखान्यांमार्फत न्यायचे ठरवले, तेव्हा हेक्टरी २५ हजार रुपये खर्च धरला गेला. त्यात शेतकऱ्याचा वाटा ९ हजार, कारखान्याचा ६,७५० आणि इन्स्टिट्यूटचा ९,२५०. राज्यात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. ९ हजार रुपये वाचलेल्या खतातून आणि वाढलेल्या टनातून निघतात का, याचा हिशोब प्रत्येक शेतकरी स्वतःच करील, आणि तो अगदी अचूक करील.

सॉफ्टवेअरने शेतीचे खरोखर भले केल्याचे सर्वात पक्के उदाहरण मात्र उसाचे नाही, द्राक्षाचे आहे. नारायणगाव पट्ट्यातली काळी द्राक्षे परदेशी जातात. नाशिक, सांगली तर निर्यातीची माहेरघरेच. गोडी छाटणीनंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात आभाळ आले, की बागाईतदाराच्या पोटात गोळा येतो. डाऊनी या बुरशीरोगाचा घात एका रात्रीत होतो. म्हणून भीतीपोटी फवारणी, तिच्यावर दुसरी, पाऊस पडून गेला म्हणून तिसरी. वास्तविक डाऊनीची बुरशी रुजायला पान किती तास ओले राहिले आणि त्या वेळी तापमान किती होते, यावर सारे अवलंबून असते. पानाचा ओलावा मोजणारी पट्टी बागेत टांगली तर हे मोजता येते. बंगळुरूच्या 'फसल'सारख्या कंपन्यांची अशी यंत्रे नाशिककडच्या बागांत दिसतात. आभाळ आहे पण पान सुकले आहे, संसर्गाची वेळ टळली आहे, एवढा एक निरोप आला तर एक फवारणी वाचते. म्हणजे औषध वाचते, ट्रॅक्टरचे डिझेल वाचते आणि ब्लोअरच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची फुप्फुसेही.

त्याच द्राक्षाला 'ग्रेपनेट'ने शिस्त लावली. अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेने २००६-०७ च्या सुमारास सुरू केलेली ही नोंदणी व्यवस्था. निर्यातीच्या प्रत्येक बागेला क्रमांक, प्रत्येक बागेच्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत, औषधाचा अंश मर्यादेत असेल तरच पुढचा कागद. युरोपच्या दुकानातल्या खोक्यावरून बाग शोधता येते. काढणीआधी किती दिवस कोणते औषध मारायचे नाही, हे पूर्वी सल्लागाराच्या तोंडी असायचे. ते बंधनकारक झाले. पण २०१० मध्ये या व्यवस्थेलाच ठेच लागली. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागाईतदारांच्या भाषेत लिहोसीन, या वाढरोधकाचा अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनर अडकले. तपासायच्या यादीत ते नावच नव्हते. संगणकाने आपले काम चोख केले होते; जे विचारले नव्हते, ते त्याने सांगितले नाही. यादी दुरुस्त झाली आणि ग्रेपनेट टिकले. इतर पिकांच्या निर्यातीसाठी पुढे त्याच धर्तीवर व्यवस्था उभ्या राहिल्या. गावातल्या बाजारात येणाऱ्या द्राक्षाला अशी कुठलीही चाळणी नाही, ही गोष्ट जाता जाता सांगायला हवी.

टोमॅटोचे असे सरळ नाही. मे २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, जुन्नर, संगमनेर, अकोले भागात फळांवर पिवळे-हिरवे-लाल पट्टे दिसू लागले. लोकांनी त्याला 'तिरंगा' नाव दिले. पानाचा फोटो काढून रोग ओळखणारी प्लांटिक्ससारखी अॅप तेव्हाही मराठीत होती. करपा, नागअळी, भुरी त्यांना बऱ्यापैकी ओळखता येते. नव्या आजारापुढे फोटोचा उपयोग नव्हता. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि तेव्हा कुकुंबर मोझॅक विषाणूचे नाव समोर आले. तोवर प्लॉट सोडून द्यावे लागले होते. याउलट नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेन विद्यापीठाने २०१९-२० मध्ये चेरी टोमॅटोची एक स्पर्धा घेतली. काचघरातल्या पिकाचे पाणी, उजेड, तापमान सगळे दूरच्या संघांच्या संगणकांनी ठरवायचे. विजेत्या संघाने अनुभवी डच उत्पादकांपेक्षा जास्त नफा काढला. त्या काचघरात पांढरी माशी नव्हती, लाइट जात नव्हती आणि भाव एका महिन्यात आभाळातून मातीत येत नव्हता. नारायणगावच्या बाजारात जुलै २०२३ मध्ये वीस किलोचे क्रेट दोन हजारांच्या वर गेले आणि दोन महिन्यांत तोच टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली. पीक वाढवणारी अॅप पुष्कळ आहेत. तालुक्यात या आठवड्यात एकूण किती रोपे लागली, हे सांगणारे एक असते तर ते जास्त कामाला आले असते. २०२१ पासून सुरू असलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या पिकाचा फोटो टाकतोच आहे. ती माहिती सातबाऱ्यावर जाते. लागवडीचा सल्ला होऊन वेळेवर परत येत नाही.

ओतूर-डिंगोरे परिसरात उन्हाळ कांदा निघाला, की घरोघरच्या चाळी भरतात. चाळीत कांदा सडतो तो आतून, ढिगाच्या पोटात, आणि वास बाहेर यायला उशीर होतो. साठवणीत सहा महिन्यांत ३० ते ४० टक्के माल जातो, असे नेहमी सांगितले जाते. जो कांदा सडला त्याचे पाणी, खत, वीज, मजुरी सगळे वाया. तेव्हा शाश्वततेचा विचार चाळीपासून केला तरी चालेल. लासलगावच्या कल्याणी शिंदे यांनी नाशिकमध्ये 'गोदाम इनोव्हेशन्स' काढून यावर काम केले. कांदा सडू लागताना जे वायू सुटतात ते ओळखणारा सेन्सर चाळीत ठेवायचा; थोडासा माल बिघडला असतानाच मोबाइलवर सूचना येते आणि तेवढा भाग निवडून काढता येतो. पुणे जिल्ह्यातल्याच खेड तालुक्यात, राजगुरूनगरला, केंद्राची कांदा-लसूण संशोधन संस्था आहे. हवेशीर चाळीची तिची शिफारस मात्र अजून बऱ्याच ठिकाणी पाळली गेलेली नाही. खालून हवा नसलेल्या चाळीत सेन्सर ठेवणे म्हणजे ताप मोजत राहायचे आणि औषध द्यायचे नाही, असे आहे.

ड्रोनबद्दल थोडक्यात. दहा लिटरची टाकी, एकराला आठ-दहा मिनिटे. डोक्यावर गेलेल्या उसात माणसाला फवारता येत नाही, तिथे तो हवाच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, हे आठवले तर पाठीवरचा पंप उतरला पाहिजे याबद्दल दुमत नसावे. मात्र ड्रोनने पाणी कमी लागते, विष आपोआप कमी होत नाही. ते कमी करायला आधी फवारणीची गरज आहे का, हे विचारावे लागते.

आता खरी अडचण. ठिबक, सेन्सर, मोबाइल स्टार्टर यांनी एका एकराचे पाणी वाचते, यात शंका नाही. वाचलेले पाणी जाते कुठे? घोड, कुकडी, मीना, आर या नद्यांवर डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणे बांधून कुकडी प्रकल्प उभा राहिला. त्याचे कालवे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातात. आवर्तन सुटले, की वरचा आणि खालचा असा वाद दरवर्षी ठरलेला. वरच्या शेतकऱ्याने ठिबक करून निम्मे पाणी वाचवले, तर ते करमाळ्याला पोहोचत नाही; बहुतेक वेळा शेजारच्या पडीक तुकड्यात उसाची नवी लागण होते. यात त्याचा दोष नाही, त्याच्या जागी कुणीही हेच करील. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल नाही, आणि सौरपंपाला तर उन्हाशिवाय काहीच लागत नाही. दिवसा वीज मिळाली, रात्रीचे जाणे टळले, हे फार मोठे काम झाले. पण उपसायला पैसा लागत नसेल तर सेन्सरचे 'आज पाणी नको' कोण ऐकणार?

याचे उत्तर ज्यांनी दिले, त्यांच्याकडे सॉफ्टवेअर नव्हते. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर १९९० च्या दशकात पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि हळूहळू सगळ्या धरणाचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांनी हाती घेतला. पाणी एकराने नव्हे, घनमीटरने मोजून घ्यायचे आणि मोजल्याप्रमाणे पैसे भरायचे. शेपटाकडच्या शेताला पाणी आधी. मोजमाप सुरू झाल्यावर तिथे ठिबक आणि द्राक्षबागा आपोआप वाढल्या. हिवरे बाजार गावाने तर पर्जन्यमापक आणि विहिरींच्या पातळ्या पाहून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस-केळी लावायची नाही असे ठरवले, आणि पाळले. या दोन ठिकाणांच्या कामात संगणक आज भर घालू शकतो: चारीच्या तोंडाशी स्वयंचलित मापक, विहिरीच्या पातळीची रोजची नोंद, आवर्तनाचा हिशोब सगळ्यांच्या मोबाइलवर. क्रम मात्र तोच राहील. आधी किती पाणी कुणाचे हे ठरेल, मग यंत्र ते राखायला मदत करील.

सरकारी योजनांचा अनुभवही शिकण्यासारखा आहे. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत संगणक बसवून 'वायर्ड व्हिलेज' झाले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी जाऊन पाहिले तर लोक त्यावर बहुतेक दोनच गोष्टी पाहत होते: उसाचे वजन किती भरले आणि आपल्या खात्यावर खत किती शिल्लक आहे. मग सात गावांत संगणक काढून साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवला, आणि काम भागले. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने 'महाअॅग्री-एआय' धोरण मंजूर करून ५०० कोटींची तरतूद केली. 'महाविस्तार' अॅप मराठीत प्रश्नांची उत्तरे देते. वारणेवरचे त्या संशोधकांचे टिपण हे धोरण राबवणाऱ्यांपैकी कुणी तरी जरूर वाचावे.

आणि तालुक्याचा पश्चिम भाग? धरणे तिथे आहेत, कालवे पूर्वेला. भात, नाचणी, वरई आणि हिरड्याच्या झाडांवर जगणाऱ्या महादेव कोळी वाड्यांत पीक पाहणीचा फोटो चढवायला रेंज शोधत टेपावर जावे लागते. औषध ते मारत नाहीत, मोटर त्यांच्याकडे नाही. सगळ्या निकषांवर त्यांची शेती सर्वात शाश्वत आहे आणि सर्वात गरीबही. त्याच तालुक्यातल्या खोडद आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आकाशगंगांचे संदेश टिपतात. तेव्हा रेंज आणणे अवघड आहे असे कुणी म्हणू नये.

डिंगोऱ्यात किंवा आसपास कुणी या हंगामात सेन्सर, अॅप, ड्रोन यांची चौकशी करीत असेल, तर त्याने त्याआधी एक संध्याकाळ आपल्या डीपीवर घालवावी. किती मोटरींना ऑटोस्विच आहे आणि किती मोटरींना कपॅसिटर नाही, ते मोजावे. सगळ्यांनी मिळून ऑटोस्विच एकाच दिवशी काढले, तर कुणाचीच पाळी मागे पडत नाही. कपॅसिटर काही शे रुपयांत येतो आणि त्याला रेंज लागत नाही.